उपलब्धता शून्य टक्के. मग पुढे?

सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या दोघातिघांनी या महिन्यात एकच प्रश्न विचारला. "ताई, औषधांच्या ॲक्सेसवर काम करायचंय, सर्व्हेचं टूल तयार मिळतं ना?"

मिळतं. चांगलंही आहे. मीसुद्धा माझ्या पहिल्या आराखड्यात तेच घेतलं होतं, आणि पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे उपशामक सेवेच्या औषधांना ते जसंच्या तसं लावणार होते. ते केलं असतं तर सगळं आकडेमोडीने बरोबर आणि अर्थाने चूक असं एक प्रकरण माझ्या थिसिसमध्ये जाऊन बसलं असतं. म्हणून आज टीका आहे ती एका पद्धतीवर, आणि थोडी माझ्यावर.

पद्धत अशी. जागतिक आरोग्य संघटना आणि हेल्थ ॲक्शन इंटरनॅशनल यांनी मिळून औषधांच्या किमती आणि उपलब्धता मोजायची एक रीत बसवली. तिची सुधारित आवृत्ती 2008 ची. औषधांची एक यादी ठरवायची, दुकानं निवडायची, ठरलेल्या दिवशी जायचं आणि औषध प्रत्यक्ष डोळ्यांनी बघायचं. "उद्या येतंय" चालत नाही. आहे तर एक, नाही तर शून्य. जितक्या दुकानांत सापडलं तितके टक्के उपलब्धता. शिस्तीची रीत आहे, जगभर वापरलेली आहे, एका देशाची दुसऱ्याशी तुलना करता येते. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्यांसाठी मी आजही हीच सुचवेन.

माझ्या यादीत पाच औषधं होती. दुखण्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या, मळमळीसाठी मेटोक्लोप्रमाइड, भ्रम आणि मळमळ दोन्हींसाठी हॅलोपेरिडॉल, सूज आणि भूक यांसाठी डेक्सामेथासोन, बद्धकोष्ठतेसाठी लॅक्टुलोज. ही सगळी जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. कोल्हापूर शहर आणि पन्हाळा तालुक्यातली मेडिकल्स निवडायची, फिरायचं, खुणा करायच्या. टू-व्हीलर होती, पेट्रोलचा हिशोबही काढून झाला होता.

प्रश्नावली कुणावर तरी आधी करून बघावी म्हणून ती घेऊन मी जोतिबाला गेले. डोंगरावर, वाडी रत्नागिरीत, माझं आजोळ आहे. आजोबांना जबड्याचा कॅन्सर होता, आणि त्यांना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. शेवटच्या महिन्यांत औषधांची धावपळ मामांनी केली होती. त्यांनी कागद पुढून मागून वाचला आणि म्हणाले, "पोरी, यात आमचा प्रश्नच न्हाई की."

त्यांचा प्रश्न असा होता. शहरातल्या एका रुग्णालयातून आजोबांना मॉर्फिन सुरू झालं होतं. दर चार तासांनी 10 मिलिग्रॅमची एक गोळी, दिवसाला 6, चौदा दिवसांच्या 84. एक आठवडा बरा गेला. मग दुखणं वाढलं. डॉक्टरांनी फोनवर डोस दुप्पट करायला सांगितला, आणि ते बरोबरच होतं. पण उरलेल्या 42 गोळ्या आता सात दिवसांच्या नव्हत्या, साडेतीन दिवसांच्या होत्या. हे गणित घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही, एम.एस्सी. असून. आणि ते साडेतीन दिवस संपले नेमके चैत्र यात्रेच्या तोंडावर.

यात्रेत डोंगरावर काय होतं ते आपल्याकडच्या लोकांना सांगायला नको. सासनकाठ्या, गुलाल, माणसांचा पूर, आणि घाटातली वाहतूक वळवलेली. मामा जवळच्या मेडिकलमध्ये गेले. दुकानदार ओळखीचा. तो म्हणाला, "दादा, ह्ये आमच्याकडं ठेवताच येत न्हाई. बाकी काय लिहिलेलं असंल तर आत्ता देतो." आणि त्याने दिलं. पातळ औषध होतं ते दिलं, मळमळीची गोळी दिली, वर शहरातल्या दोन ठिकाणी स्वतः फोन लावून विचारलं. मामा गर्दीतनं अर्धा घाट चालत उतरले, पुढे कुणाच्या तरी गाडीवर बसून शहरात गेले, आणि गोळ्या घेऊन परत आले तेव्हा दुसऱ्या दिवसाची पहाट झाली होती. त्या रात्रीबद्दल आजी अजून बोलत नाही.

आता माझा सर्व्हे या मेडिकलमध्ये गेला असता तर काय झालं असतं? मॉर्फिन : शून्य. बाकी चार : एक, एक, एक, एक. सगळीकडे असंच निघालं असतं तर पाच औषधांची सरासरी उपलब्धता 80 टक्के. आणि असंसर्गजन्य आजारांच्या अत्यावश्यक औषधांसाठी जागतिक कृती आराखड्यात ठेवलेलं उद्दिष्ट किती? 80 टक्केच. म्हणजे ज्या घरात माणूस रात्रभर कण्हत होता, त्या घराच्या शेजारचं दुकान माझ्या तक्त्यात उद्दिष्ट गाठलेलं दिसलं असतं. सरासरी काढायच्या आधी रकाने एकाच जातीचे आहेत का, हे तपासायला आपल्याला पहिल्याच वर्षी शिकवतात. शिकवतात, आणि आपण विसरतो.

बरं, सरासरी नको, मॉर्फिनचा रकाना वेगळा दाखवू. तरी तो शून्य म्हणजे शोध नव्हे. तो कायद्याचा परिणाम आहे. अंमली पदार्थांचा कायदा, एनडीपीएस, 1985 चा. त्यातल्या कडक शिक्षा आणि वेगवेगळ्या दारांवर मागावे लागणारे परवाने यांना घाबरून रुग्णालयांनीही मॉर्फिन ठेवणं सोडलं. 2014 मध्ये कायदा बदलला, 'अत्यावश्यक अंमली औषधं' असा वेगळा वर्ग केला. 2015 च्या नियमांनी त्यात सहा औषधं घातली : मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन, हायड्रोकोडोन. तेव्हापासून राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता मिळालेली वैद्यकीय संस्था ही औषधं ठेवू आणि देऊ शकते. तिथे प्रशिक्षित डॉक्टर लागतो, हिशोब ठेवावा लागतो, वर्षाला किती लागेल त्याचा अंदाज कळवावा लागतो. कोपऱ्यावरच्या मेडिकलचा साधा विक्री परवाना मात्र याला पुरत नाही. मग तिथे जाऊन 'मॉर्फिन आहे का' विचारणं म्हणजे पोस्टात जाऊन रेल्वेचं आरक्षण मिळतं का ते मोजण्यासारखं. काही पोस्टांत मिळतंही, पण तुम्हाला रेल्वेबद्दल काय कळलं?

परदेशी पेपर वाचताना इथेच पाय घसरतो. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये वस्तीतल्या फार्मसीला मॉर्फिन ठेवता येतं. कुलुपाचं कपाट असतं, नोंदवही असते. स्कॉटलंडमध्ये तर ठरावीक फार्मसी उपशामक सेवेच्या औषधांची ठरलेली यादी कायम ठेवतात. तिथल्या संशोधकाने 'तुम्ही साठा ठेवता का' असं विचारलं तर त्या प्रश्नाला अर्थ आहे, कारण उत्तर दोन्ही बाजूंनी जाऊ शकतं. आपण प्रश्न उचलतो आणि त्याच्याखालची व्यवस्था तिथेच राहते.

या पद्धतीचा मला सर्वांत मोठा वाटणारा दोष केरळकडे बघितलं की दिसतो. 1993 मध्ये कालिकतला पेन अँड पॅलिएटिव्ह केअर क्लिनिक सुरू झालं, डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम. पुढे गावोगावी स्वयंसेवक, घरी जाणाऱ्या नर्स, 2008 मध्ये राज्याचं धोरण. देशात उपशामक सेवेबद्दल बोलताना सगळे केरळचं नाव घेतात ते उगाच नाही. पण हे त्यांनी मेडिकल दुकानांतून साधलेलं नाही. दवाखाने आणि गृहभेटी यांतून साधलंय. माझी प्रश्नावली घेऊन तिथली मेडिकल्स फिरलात तर मॉर्फिनचा रकाना बहुधा तिथेही रिकामाच येईल. जे मोजमाप केरळ आणि पन्हाळा तालुका यांत फरक दाखवू शकत नाही, ते ॲक्सेसचं मोजमाप कसं म्हणायचं?

महाराष्ट्राचं धोरणही 2012 चं आहे, आणि मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन तर 1986 पासून. धोरण नाही, परंपरा नाही असं काही नाही. डोंगरावरच्या घरापर्यंत गोळी कशी येते, इतकंच कुणी मोजत नाही.

एका लाडक्या आकड्याबद्दलही बोलते, कारण तुम्ही तो प्रस्तावनेत टाकणारच आहात. लॅन्सेट कमिशनचा 2017 चा अहवाल सांगतो की भारतात गरजू रुग्णामागे सरासरी 43 मिलिग्रॅम मॉर्फिन किंवा त्याच्या तोडीचं औषध वाटलं जातं, गरजेच्या 4 टक्के. आजोबांच्या हिशोबात 43 मिलिग्रॅम म्हणजे साडेचार गोळ्याही नाहीत, पहिल्या डोसवरही दिवस पुरा होत नाही. आकडा हादरवणारा आहे, वापरा. पण तो 2010 ते 2013 च्या सरासरीवर आहे, म्हणजे कायदा बदलायच्या आधीचा. '2014 च्या दुरुस्तीनंतरही भारतात केवळ 4 टक्के' असं वाक्य मी एका मसुद्यात लिहिलं होतं. गाइडनी त्याखाली लाल रेघ मारली नाही, नुसतं वर्ष लिहिलं. मला पुरलं.

मग मेडिकलला अभ्यासातून काढून टाकायचं का? नाही, आणि इथे मी माझ्या काही सहकाऱ्यांशी सहमत नाही. मॉर्फिन घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला बद्धकोष्ठता होते, त्यामुळे रेचक सोबत लागतंच. ते संपलं की माणूस मॉर्फिनच सोडायला बघतो. ते रेचक, मळमळीची गोळी, डेक्सामेथासोन याच दुकानातून येतं. ट्रामाडॉल तिथे आहे का, की शेड्यूल एच-वनची नोंदवही आणि 2018 नंतर त्यालाही लागलेला एनडीपीएस कायदा यांच्या धास्तीने दुकानदाराने ते ठेवणं बंद केलं, हा खरा मोजण्यासारखा प्रश्न आहे, कारण तिथे दुकानदाराला निवड आहे. ती धास्ती पोकळ आहे असंही मी म्हणत नाही. गोळ्यांचा गैरवापर होतो, आणि तपासणीला सामोरं जावं लागतं ते त्यालाच. फक्त ही औषधं एका तक्त्यात आणि मॉर्फिन दुसऱ्या, एवढं करा.

पेन्चान्स्की आणि थॉमस यांचा 1981 चा पेपर जरूर वाचा. ॲक्सेसचे त्यांनी पाच पदर केलेत : आहे का, पोचता येतं का, वेळ आणि व्यवस्था सोयीची आहे का, परवडतं का, माणसांना पटतं का. मी पाचापैकी पहिलाच मोजणार होते, तोही चुकीच्या दारात.

नव्या आराखड्यात एकक दुकान नाही, घर आहे. चिठ्ठी लिहिल्यापासून पहिली गोळी तोंडात जाईपर्यंत किती तास गेले. आणायला कोण गेलं, त्याचा रोजगार बुडाला का. दोन खेपांच्या मध्ये डोस बदलला का, आणि बदलला तेव्हा गोळ्या कितीला पुरतील हे कुणी सांगितलं का. हा शेवटचा प्रश्न कुठल्याही तयार टूलमध्ये मला सापडला नाही. नमुना लहान होईल, घरं शोधणं अवघड जाईल, एथिक्स कमिटी दोनदा परत पाठवेल. एकदा पाठवून झालंय : शोकात असलेल्या कुटुंबाला मुलाखतीसाठी किती दिवसांनी विचारणार, ते लिहा म्हणाले. रास्त आहे, त्यावर बसलेय सध्या.

नवीन प्रश्नावलीही पहिल्यांदा मामांवरच करून बघितली. 'तुम्ही निघालात तेव्हा घरात किती गोळ्या शिल्लक होत्या?' यावर त्यांनी विचारसुद्धा केला नाही. "एक," म्हणाले. "ती बी अर्धी करून ठिवली हुती."