मराठी प्रवासवर्णनातले लंडन आणि लोंडिनियम

ग्रंथाचे शीर्षक पुष्कळदा लेखकाच्या दृष्टीची ओळख करून देते. पु. ल. देशपांडे यांनी विलायतेच्या प्रवासावरील आपल्या पुस्तकाला 'अपूर्वाई' (१९६०) हे नाव दिले. मीना प्रभूंनी 'माझं लंडन' म्हटले. या दोघांच्याही कितीतरी आधी, १८८९ साली, पंडिता रमाबाईंचा 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. नवल, आपलेपणा आणि लोकांच्या स्थितीची चौकशी या परदेशाकडे पाहण्याच्या तीन रीती होत. पहिल्या दोन आपल्याकडे चांगल्या रुजल्या. तिसरीचा वारसा मात्र फारसा कोणी पुढे चालवला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि लंडनसारख्या शहराविषयी लिहिताना ही उणीव विशेष जाणवते.

पुलंचे नवल स्वतःलाही हसत असे. त्यांच्यामागून आलेल्यांनी नवल तेवढे उचलले आणि हसू मागे ठेवले. मीना प्रभूंचे 'माझं' हे वर्षानुवर्षांच्या वास्तव्याने मिळवलेले होते. आठ दिवसांच्या मुक्कामावर तो हक्क सांगता येत नाही. तरीही दिवाळी अंकांतून आणि स्वखर्चाने छापलेल्या पुस्तकांतून दरवर्षी तेच लंडन भेटते: गाईडने सांगितलेल्या सनावळ्या, हॉटेलातील न्याहारी, पाऊस, राजवाडा आणि शेवटी तिथल्या शिस्तीची व स्वच्छतेची वाखाणणी. टॉवर ब्रिजलाच जुना लंडन ब्रिज समजून त्याच्यापुढे छायाचित्र काढले जाते. वस्तुतः तो पूल १८९४ सालचा, म्हणजे रमाबाईंच्या ग्रंथापेक्षाही धाकटा. आयुष्यभराची पुंजी साठवून सहलीला गेलेल्या कुटुंबाला नवल वाटू नये, असे मी म्हणणार नाही. ते वाटावेच. परंतु लेखणी हाती घेणाऱ्याकडून वाचकाची अपेक्षा अधिक असते.

लंडन हे मुळात रोमनांनी वसवलेले गाव. इ. स. ४३ मध्ये रोमन सैन्य ब्रिटनमध्ये उतरले आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत थेम्सच्या उत्तर काठावर लोंडिनियम उभे राहिले. तत्पूर्वी तेथे शहर नव्हते. नदीवर पूल बांधता येतो, समुद्रातून जहाजे वर येऊ शकतात, या सोयीने बाहेरून आलेल्या व्यापाऱ्यांनी, सैनिकांनी आणि मुक्त झालेल्या गुलामांनी ते वसवले. ज्या शहराला आपण प्राचीनतेचा नमुना समजतो, ते एके काळी उपऱ्यांचे कोरे करकरीत शहर होते. सिडकोच्या सेक्टरांत राहणाऱ्या आणि 'आमच्या शहराला कसला आला इतिहास' असे म्हणणाऱ्या आपल्या वाचकांनी येथे क्षणभर थांबावे.

त्या नव्या गावातील माणसे आज बोलू लागली आहेत. शहराच्या जुन्या भागात २०१० नंतर झालेल्या उत्खननात चारशेंहून अधिक लाकडी लेखनपट्ट्या सापडल्या. ओल्या चिखलामुळे लाकूड टिकले. त्यावरचे मेण गेले, पण लेखणीचे ओरखडे उरले. त्यांतील एका पट्टीवर ८ जानेवारी ५७ ही तारीख आहे. टिबुलस नावाचा मुक्त गुलाम ग्रेटस नावाच्या दुसऱ्या मुक्त गुलामाला लिहून देतो की, मिळालेल्या मालापोटी मी तुझे १०५ दिनार देणे लागतो. लंडनच्या इतिहासाच्या आरंभी राजा नाही, दोन मुक्त गुलामांची उधारी आहे! त्याच जागी १९५४ साली मिथ्र देवाचे मंदिर सापडले होते. ते तेथून हलवण्यात आले आणि २०१७ पासून पुन्हा मूळ स्थळी, रस्त्याच्या पातळीखाली सुमारे सात मीटरांवर, पाहावयास मिळते. मिथ्राची उपासना पूर्वेकडच्या नावाने आलेली. आणि ३१४ साली आर्लच्या धर्मसभेला लंडनहून रेस्टिट्यूटस हा बिशप गेला, तो ज्या श्रद्धेचा, तीही पूर्वेकडूनच आलेली. सेंट पॉल कॅथीड्रलचा घुमट पाहून परतणाऱ्या आपल्या कॅथलिक यात्रेकरूंना हा बिशप कोणी भेटवून देत नाही.

लोकस्थितीची चौकशी करणारा लेखक आणखी एक गोष्ट विचारील: ही जमीन कोणाची होती? इ. स. ६०-६१ मध्ये इसेनी जमातीची राणी बूडिका हिने बंड करून लंडन जाळले. तिच्या पतीच्या मृत्यूनंतर रोमन अधिकाऱ्यांनी त्यांचे राज्य लुटले होते. त्या आगीचा तांबडा थर आजही पाया खणताना लागतो. तुलना ताणू नये हे खरे. तथापि ज्या शहरासाठी ९५ गावांची जमीन गेली आणि ज्या जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पाच शेतकरी गोळीबारात मृत्युमुखी पडले, त्या शहरातून गेलेल्या प्रवाशाला हा थर परका वाटण्याचे कारण नाही. असा प्रश्न घेऊन लंडनला गेलेले मराठी पुस्तक मला हवे आहे.

आणखी एका बाबतीत आपला लेखक उगाच दबून लिहितो. टिबुलस कर्जरोखा लिहीत होता, त्याच शतकाच्या मध्यास एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' हे समुद्रप्रवासाचे टिपण केले. त्यात सोपारा, कल्याण आणि चौल ही आपली बंदरे नावानिशी आहेत. कल्याणविषयी तर त्यात तक्रारच आहे: पूर्वी तेथे रीतसर व्यापार चाले, पुढे राज्यकर्ते बदलले, आणि आता ग्रीक जहाज चुकून तेथे आलेच तर ते पहाऱ्यात भडोचला नेले जाते. लंडनची पहिली घरे उभी राहत होती, तेव्हा आपल्या किनाऱ्यावर बंदराच्या हक्कावरून राजकारण चालू होते. वाशीच्या पुलावरून रोज ये-जा करणाऱ्याने लंडनवर लिहिताना निदान एक प्रकरण या पाण्यासाठी राखून ठेवावे.