करमणूक आणि करमणं



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत 'वृद्धाश्रमातील विरंगुळा' असा छापला आहे. मी सुचवलेलं नाव संयोजकांना रुक्ष वाटलं, म्हणून त्यांनी प्रेमानं ते बदललं. त्यांच्यावर माझा राग नाही. पण या 'विरंगुळा' शब्दाशीच माझं भांडण आहे. तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

तुमच्यापैकी बरेच जण कधी ना कधी एखाद्या वृद्धाश्रमात गेला असाल. आत शिरल्यावर दर्शनी भिंतीवर एक फलक असतो. सोमवारी योगासनं, मंगळवारी भजन, बुधवारी हाऊजी, शनिवारी जुनी गाणी, महिन्यातून एकदा सहल. आपण तो वाचतो आणि आपल्याला बरं वाटतं. चला, इथे माणसांना मोकळं बसू देत नाहीत. मी आज हा फलक समीक्षकाच्या नजरेनं वाचणार आहे. पुस्तक हातात घेतल्यावर आपण काय विचारतो? हे कोणी लिहिलं? कोणासाठी लिहिलं? यातली पात्रं स्वतः काही करतात, की लेखक त्यांना नुसतं इकडून तिकडे हलवतो? तेच प्रश्न या वेळापत्रकाला विचारायचे आहेत.

आधी कायदा पाहू. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा कायदा आपल्याकडे २००७ साली झाला. त्याच्या एकोणिसाव्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, निदान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असं निवासस्थान असावं, असं म्हटलं आहे. तिथल्या सेवांचे निकष राज्य सरकारनं ठरवावेत. कशासाठी लागणाऱ्या सेवा? तर वैद्यकीय उपचार आणि करमणुकीची साधनं. या दोनच गोष्टी त्या वाक्यात आहेत. शरीरासाठी औषध, मनासाठी करमणूक. कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण म्हातारा माणूस म्हणजे काय, याची एक पूर्ण कल्पना त्या एका वाक्यात दडलेली आहे. त्याला बरं ठेवायचं आणि त्याला रमवायचं. त्यानं काही करायचं आहे, असं त्यात कुठेच नाही.

आता आपली भाषा काय म्हणते ते पाहा. आश्रमात नव्यानं आलेला माणूस पहिल्या महिन्यात हमखास एक वाक्य बोलतो : "मला इथे करमत नाही." यावर आपण उपाय काय काढतो? करमणूक! शब्द एकाच घरचे आहेत, म्हणून आपली फसगत होते. करमणूक दुसरा कोणीतरी करतो. करमणं आपलं आपल्याला व्हावं लागतं. सासरी आलेल्या मुलीला करमत नसे, तेव्हा तिला कोणी नकला करून दाखवत नसत. हळूहळू फडताळाची किल्ली तिच्या हाती येई, दूधवाल्याचा हिशेब तिच्याकडे येई, कोणीतरी तिला विचारी की आज भाजी कुठली करायची. मग तिला करमू लागे. करमण्यासाठी त्या जागेवर आपलं काही चालावं लागतं. हरि नारायण आपट्यांनी १८९० साली साप्ताहिक काढलं, त्याचं नाव 'करमणूक' ठेवलं. त्या काळी या शब्दात वाचणं, विचार करणं, वाद घालणं हे सगळं सामावत होतं. आज त्याचा अर्थ आक्रसून खुर्चीत बसून टाळ्या वाजवण्यापुरता उरला आहे.

तत्त्वज्ञानाचा मास्तर असल्यामुळे ॲरिस्टॉटल सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, क्षमा करा. नीतिशास्त्रावरच्या त्याच्या ग्रंथात, दहाव्या भागात, त्यानं हाच प्रश्न घेतला आहे. माणसानं आयुष्यभर कष्ट करायचे आणि त्या सगळ्याचं साध्य काय, तर गंमत? हे त्याला हास्यास्पद वाटतं. करमणूक ही विश्रांतीसारखी आहे, असं तो म्हणतो. पुन्हा कामाला लागता यावं, म्हणून विश्रांती. मग ज्याच्याकडे पुन्हा लागण्यासारखं कामच ठेवलेलं नाही, त्याला आठवडाभर विश्रांती देऊन आपण नक्की काय देतो?

तुम्ही म्हणाल, सर, हे झालं तत्त्वज्ञान, पुरावा काय? पुरावा आहे. १९७६ साली एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या एका शुश्रूषागृहात एक प्रयोग केला. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं, इथलं तुमचं तुम्ही ठरवायचं. हवं तर एक रोप निवडा, त्याची निगा तुम्ही राखा. सिनेमा दोन दिवस आहे, कोणत्या दिवशी बघायचा ते तुम्ही ठरवा. दुसऱ्या मजल्यावरच्यांनाही रोप दिलं आणि सिनेमाही दाखवला. फक्त रोप हातात ठेवलं, पाणी परिचारिका घालणार होत्या आणि सिनेमाचा दिवस ठरवून दिला होता. म्हणजे फलकावर लिहायचं तर दोन्ही मजल्यांचे कार्यक्रम सारखेच! पण पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त हिंडूफिरू लागली, जास्त बोलू लागली. दीड वर्षानं पाहिलं तर पहिल्या गटातले १५ टक्के लोक वारले होते, दुसऱ्यातले ३० टक्के. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मृत्यूच्या आकडेमोडीत चूक होती आणि ती त्यांनीच पुढे दुरुस्त केली. त्यामुळे तो फरक आधी वाटला तितका ठाम राहिला नाही. रोपाला पाणी घातल्यानं आयुष्य वाढतं, असं मी म्हणणार नाही. पण जगण्यातला फरक उरतोच.

दुसरा अभ्यास मला अधिक बोचतो. तो रिचर्ड शुल्झ यांचा, त्याच १९७६ सालचा. कॉलेजची मुलं वृद्धनिवासात भेटायला जात. काही ज्येष्ठांनी भेट कधी आणि किती वेळ, हे स्वतः ठरवायचं. काहींना आधी कळवलं जाई. काहींकडे मुलं अचानक जाऊन उभी राहत. आणि काहींकडे कोणीच गेलं नाही. पहिले दोन गट स्पष्टपणे सुधारले. इथपर्यंत गोष्ट छान आहे. पण अभ्यास संपला आणि भेटी थांबल्या. पुढे दोन वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसलं, की जे सुधारले होते तेच नंतर खालावले. ज्यांना काही मिळालंच नव्हतं, त्यांची तशी घसरण झाली नाही.

हे मी पुस्तकात वाचलं होतं. वर्गात शिकवलंही होतं. आणि तरीही तीच चूक केली, ती आता सांगतो.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी मी एका आश्रमात दर मंगळवारी दुपारी चार वाजता जाऊ लागलो. विषय माझा, वेळ माझी. सॉक्रेटिसच्या गोष्टी सांगायचो. दहा-बारा जण येत. त्यांत एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. भेटायला येणारी कॉलेजची पोरं त्यांना 'आजी' म्हणत. त्या कोणाच्या आजी नव्हत्या. पस्तीस वर्षं गावानं त्यांना 'बाई' म्हटलं होतं. आम्हीही बाईच म्हणायचो. त्या वही घेऊन पहिल्या रांगेत बसत. आठ महिने हे चाललं. मग माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, आणि पुढे मी मुलीकडे बेंगळुरूला राहिलो. जवळजवळ सहा महिने गेले. आश्रमात मी एक फोनही केला नाही. का? कारण मी जात होतो ते माझ्या लेखी दान होतं, आणि दान थांबवायला कोणाची परवानगी लागत नाही.

परत गेलो तेव्हा तिथल्या मावशींनी सांगितलं, बाई कितीतरी मंगळवार चार वाजता वही घेऊन सभागृहात बसत होत्या. मग त्यांनी तिथे येणंच सोडलं. चहासुद्धा खोलीत मागवू लागल्या. मी खोलीत जाऊन माफी मागितली. त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही आजारी आहात हे कळवलं असतं, तर आम्ही तुम्हाला पत्रं तरी लिहिली असती."

मित्रहो, चाळीस वर्षं नीतिशास्त्र शिकवलेला मी माणूस. पण या बाराजणांना माझ्यासाठी काही करता येईल, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

पुढे बाईंनी अट घातली. वर्ग पुन्हा सुरू करायचा, पण सॉक्रेटिस पुरे. त्या गणिताच्या. त्यांनी भास्कराचार्यांची 'लीलावती' काढली. आता त्या उदाहरणं घालतात, आणि मी इतरांबरोबर बाकावर बसून सोडवतो. माझी चुकतात, याचा बाकीच्यांना होणारा आनंद कुठल्याही हाऊजीत नाही.

याच वर्गात एकदा सहलीचा विषय निघाला. आश्रमाची सहल म्हणजे बस, दोन देवळं, पुलाव, परत. बहुतेक जण बसमध्ये झोपतात. बाईंनी विचारलं, तुम्हाला कुठे जायचंय? पहिलं उत्तर आलं : "मंडईत." कशाला? "भाजी घ्यायला." आठ वर्षांत त्या गृहस्थांनी हातात पैसे धरले नव्हते. औषधं, कपडे, सगळं कार्यालयातून. शेवटी सहा जण, दोन रिक्षा, आणि प्रत्येकाच्या स्वतःच्या जमा रकमेतून दोनशे रुपये. मेथीच्या जुडीवरून अशी घासाघीस झाली की भाजीवाली हात जोडायला आली. एकांना धाप लागली, ते रिक्षातच बसून राहिले. एकजण परतताना म्हणाले, मी पुन्हा येणार नाही, गर्दी सोसत नाही. त्यांचं ते 'नाही' मला महत्त्वाचं वाटतं. देवळाच्या सहलीला तसं म्हणायची सोय नसते. बसमध्ये बसवलं की बसायचं. संध्याकाळी मेथी निवडायला, सहलीला न गेलेलेही जमले.

आणि एका गृहस्थांनी भाजी घेतलीच नाही. त्यांनी कुलूप घेतलं. आपल्या कपाटाला.

व्यवस्थापनापुढे पेच पडला. आश्रमात कुलूप चालत नाही. काही झालं तर? आठवडाभर चर्चा चालली. अखेर दुसरी किल्ली कार्यालयात ठेवायची, असं ठरलं. त्या कपाटात काय आहे, मला ठाऊक नाही. पण त्या फलकावर आजवर लिहिलेल्या सगळ्या कार्यक्रमांपेक्षा त्या माणसाला या कुलपाची गरज जास्त होती, आणि ती कुठल्याही वेळापत्रकात मावणारी नव्हती.

आता आक्षेप. पहिला, मनुष्यबळाचा. तीस जणांमागे दोन मावशी असताना मंडई कुठली काढता? आक्षेप खरा आहे, आणि तो निधीच्या गणितानंच सुटेल. पण विचारायला माणूस जास्त लागत नाही. दुसरा, स्मृतिभ्रंशाचा. ज्यांना आजचा वार आठवत नाही, ते काय निवडणार? दोन साड्या समोर धरल्या तर हात एकीकडे जातो. खिडकी उघडी हवी की बंद, हे अंथरुणाला खिळलेल्या माणसालाही कळतं. तिसरा आक्षेप मीच माझ्यावर घेतो : मग गाणी, भजन, हाऊजी बंद करायची का? मुळीच नाही. मला स्वतःला हाऊजी आवडते. भजनात पेटी कोण धरणार, कुठला अभंग आधी, हे तिथल्या माणसांनी ठरवलं की तेच भजन करमणुकीतून बाहेर पडतं.

१ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन असतो. त्या दिवशी आश्रमांत फळवाटपाची गर्दी होते, फोटो निघतात, २ तारखेला सामसूम. तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. फक्त जाण्याआधी तिथल्या माणसांना विचारा, आम्ही आलेलं चालेल का, आणि कधी यायचं. पुन्हा जमणार नसेल तर तेही स्पष्ट सांगा. आणि एखादं काम न्या, जे तुम्हाला खरोखर येत नाही. लोकरीचं टाकं अडलंय, मुलाचं गणित सुटत नाही, लोणच्याचं प्रमाण विसरलंय, काहीही.

थांबतो. आज मंगळवार आहे. मी इथे आहे, म्हणजे तिथे नाही. काल फोन करून बाईंकडे रजा मागितली. त्यांनी ती मंजूर केली, पण पुढच्या वेळी दोन उदाहरणं सोडवून आणायला सांगितली आहेत. एक अजून सुटलेलं नाही. तुमच्यात कोणी गणिताचे असतील, तर कार्यक्रमानंतर कृपया भेटावं.