वेगवान की वेळेवर?

आज आपण जॉन स्टँकोविक यांचा रिअल-टाइम संगणनाविषयीच्या गैरसमजांवरचा १९८८ सालचा लेख बघणार आहोत. त्याचं मुख्य म्हणणं साधं आहे: रिअल-टाइम म्हणजे वेगवान नव्हे, तर वेळेवर.

यवतमाळात हे वेगळं समजवावं लागू नये. हंगामाच्या पावसाची सरासरी भरते. पण पेरणीनंतर पाऊस दडी मारतो आणि दुबार पेरणीची पाळी येते. सरासरीनं पीक वाचत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलचंही तसंच. सेन्सरकडून इंटरप्ट आला की प्रोसेसरनं हातचं काम सोडून तिकडे वळायचं. समजा, याला एरवी १० मायक्रोसेकंद लागतात, पण क्वचित १० मिलिसेकंद, म्हणजे हजारपट. सरासरी छानच दिसेल. पण जिथे मुदत चुकली की अपघात, तिथे त्या सरासरीला काय करायचं?

लिनक्सचा इतिहास या लेखाच्या बाजूनं साक्ष देतो. साध्या कर्नलचे काही भाग असे, की तिथे चालू असलेलं काम मधेच थांबवता येत नाही. हे भाग कमी करणारं ‘प्रीएम्प्ट-आरटी’चं काम साधारण २० वर्षं टप्प्याटप्प्यानं चाललं आणि २०२४ च्या ६.१२ आवृत्तीत मूळ कर्नलमध्ये सामील झालं. किंमत अशी, की एकूण कामाचा उरक थोडा घटतो. खात्री फुकट मिळत नाही, बघा.

१९९७ मध्ये मंगळावर पाथफाइंडरचा संगणक पुन्हा पुन्हा रीसेट होत होता. कारण वेगाची कमतरता नव्हती. हवामानाची माहिती जमवणाऱ्या किरकोळ कामानं एक कुलूप धरलं होतं, तातडीचं काम त्यासाठी खोळंबलं, आणि मधल्या दर्जाची कामं पुढे घुसली. उपाय असा केला, की कुलूप धरणाऱ्याला तेवढ्यापुरता खोळंबलेल्याचा अग्रक्रम मिळावा.

इथवर आम्ही लेखाशी सहमत आहोत. आमचा आक्षेप पुढे आहे. मुदत पाळायची कशी, याचा लेखात भरपूर विचार आहे. ती ठरवायची कुणी, याचा कमी. ब्रेकची मुदत पदार्थविज्ञान ठरवतं. पण रुग्णाच्या मॉनिटरनं किती सेकंदांत धोक्याचा इशारा द्यावा, हे माणसं ठरवतात. चुकीची मुदत काटेकोर पाळणारं यंत्र चूकच काटेकोरपणे करतं.

तेव्हा कुणी ‘रिअल-टाइम’ म्हणालं, की दोन प्रश्न विचारूया: उशिरात उशीर किती? आणि ही मुदत ठरवली कुणी?