मराठी अंकांचे दूरध्वनीवरील यंत्रश्रवण

उच्चारलेले अंक यंत्राने ओळखावेत, ह्या प्रयत्नातील एक महत्त्वाचा टप्पा १९५२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत गाठला गेला. तेथील यंत्र परिचित वक्त्याचे सुटे सुटे अंक ओळखीत असे. मराठीत २०११ च्या सुमारास टाटा मूलभूत संशोधन संस्था व मुंबईची आयआयटी येथील संशोधकांनी, शेतमालाचे भाव दूरध्वनीवरून सांगणाऱ्या प्रणालीसाठी, महाराष्ट्रातील शेतकऱ्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले. प्रयोगशाळेतील निर्दोष उच्चार सोडून शेतकऱ्याच्या मोबाइलवरचा आवाज प्रमाण मानला, हे ह्या कार्याचे खरे श्रेय होय. तथापि पिकाचे नाव ओळखणे निराळे आणि क्रमांक ओळखणे निराळे. हळदीऐवजी हरभऱ्याचा भाव ऐकू आला, तर चूक तत्काळ ध्यानात येते. चुकलेला अंक मात्र बरोबर अंकासारखाच दिसतो.

पारंपरिक दूरध्वनी सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच नादपट्टा वाहून नेतो. 'स'काराचे घर्षण बहुतांशी त्याच्या वर असते. ते गळाले की 'सहा' व 'दहा' यांतील भेद क्षीण होतो. 'सात' व 'साठ' यांतील भेद तर अखेरच्या व्यंजनावरच टिकून असतो. शून्य ते नऊ एवढाच कोश धरला, तर 'दहा' आणि 'साठ' यांचा प्रश्न उद्भवत नाही. परंतु लोक तसे बोलत नाहीत. हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील हट्टा येथील हळद-उत्पादक कल्पावा. तो आपला क्रमांक 'अठ्ठ्याण्णव, साठ, बासष्ट' असा जोडीजोडीने सांगेल, मध्येच 'डबल झिरो' म्हणेल. दहा शब्दांचा कोश येथे शंभरावर जातो.

'एकेक अंक सांगा' असे फर्मावणे सोपे आहे. पण ज्याच्या सोयीसाठी यंत्र, त्यालाच यंत्राच्या सोयीने वळविणे हे शास्त्र नव्हे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक' ही वाचनरीत आली, तेव्हा उठलेला वाद अंकनामे भाषेत किती खोल रुजली आहेत हे दाखवितो.

यशाचे मापही तपासावयास हवे. शेकडा ९५ अंक अचूक ओळखले, हे वाक्य समाधानकारक वाटते. प्रत्येक चूक स्वतंत्र मानली, तर दहा अंकी क्रमांकांपैकी शेकडा साठच पूर्ण बरोबर उतरतात. आधार क्रमांकाचा शेवटचा अंक पडताळ्याचा असल्याने त्यातील एका अंकाची चूक पकडता येते. मोबाइल क्रमांकास असा पहारेकरी नाही. हळदीच्या पैशांचा निरोप परक्याच्या हाती गेल्यास तो चुकला हे हट्ट्यातील माणसास कळावे कसे?

अक्षरांच्या बाबतीत लोकव्यवहाराने उपाय आधीच योजिला आहे. 'क', 'ख', 'ग' यांत स्वर एकच. म्हणून माणूस 'ग गणपतीचा' असे सांगतो. अंकांसही अशाच आधाराची गरज आहे. ऐकलेला क्रमांक वक्त्याच्याच रीतीने, जोडीजोडीने, परत म्हणून त्याचा होकार घेणे हा तो आधार होय. अचूकतेची टक्केवारी सुट्या अंकांवर नव्हे, तर होकार मिळालेल्या संपूर्ण क्रमांकांवर मोजली जाईल, तेव्हाच यंत्रास मराठी ऐकू येते असे म्हणता येईल.