कोयता म्हातारा झाला का?

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर चहाच्या वेळी एका तरुण मित्रानं आम्हाला गाठलं. त्याच्या पाठपिशवीत एक काळा, देखणा चाकू होता. ऑनलाइन मागवलेला, पात्यावर पोलादाचं नाव कोरलेलं. तो म्हणाला, "हातघडणीच्या जुन्या पात्यांचं तुम्ही कौतुक करता ते ठीक आहे. पण खरं सांगा, आज ती टिकतात का?" आम्ही काहीतरी गुळमुळीत बोलून चहाचा कप पुढं केला. आजचं बोलणं म्हणजे त्या चुकवलेल्या उत्तराची भरपाई आहे, असं समजा.

आधी आमचा पूर्वग्रह सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला वजाबाकी करता येईल. आम्ही चार-पाच जण बरीच वर्षं सह्याद्रीत भटकतो आहोत. त्यातली निम्मी वर्षं आम्ही नव्या पोरांना सांगत होतो की कोयता घरी ठेवा, तो वाडीतल्या माणसाचा. तुम्ही एक चांगला 'आउटडोअर' चाकू घ्या. आमचं ऐकून एका मुलानं असाच एक घेतला. पोकळ मूठ, मागं झाकण, झाकणात होकायंत्र, आत काड्यापेटी आणि गळ. पावसाळ्याच्या शेवटी एका मुक्कामात वाळलेलं लाकूड फोडताना पातं मुठीतून निखळलं आणि त्याच्या पोटरीला लागलं. चार टाके पडले. ते चार टाके आमच्या सल्ल्याचे होते. कंपनीचं नाव घेत नाही, कारण तसले चाकू डझनभर नावांनी विकले जातात.

गंमत अशी की त्या पोकळ मुठीचा पूर्वज अस्सल हातघडणीचाच होता. 1982 साली 'फर्स्ट ब्लड' हा सिनेमा आला. त्यात रॅम्बोच्या हातात जो चाकू आहे तो अमेरिकेतल्या आर्कान्सामधल्या जिमी लाइल या कारागिरानं घडवला होता. पोकळ मुठीत पातं पक्कं बसवणं हे कसबाचं काम, आणि लाइलला ते येत होतं. नकला करणाऱ्यांनी रूप तेवढं उचललं, सांधा राहून गेला. तेव्हा 'जुनं विरुद्ध नवं' असा सामना लावण्याआधी एवढं बघू की बाजारात नवं म्हणून जे येतं, त्यातलं बरंचसं जुन्याची स्वस्त छबी असते.

आता हातघडणीच्या चाकूंची जी 'अभिजात' परंपरा इंटरनेटवर गाजते, ती मुख्यतः अमेरिकेची. तिची कथा रंजक आहे. 1937 च्या सुमारास मिशिगनमधल्या वालून सरोवराकाठी बो रँडल नावाच्या गृहस्थांना एक माणूस चाकूनं नावेचा जुना रंग खरवडताना दिसला. इतक्या धसमुसळ्या कामानंतरही धार शाबूत. तो चाकू विल्यम स्केगल या कारागिराचा होता. रँडलनी तो विकत घेतला, मग स्वतः घडवायला लागले, आणि फ्लोरिडात ऑरलँडोला त्यांचं दुकान उभं राहिलं. पुढं 1950 च्या दशकात बॉब लव्हलेस नावाच्या खलाशाला रँडलचा चाकू हवा होता. न्यूयॉर्कच्या दुकानात त्याला सांगितलं, कित्येक महिने थांबावं लागेल. त्यानं चिडून भंगारातल्या एका पॅकार्ड मोटारीच्या स्प्रिंगमधून स्वतःच चाकू बनवला. मोटारीची स्प्रिंग हा धागा लक्षात ठेवा, आपल्याकडं येताना तो पुन्हा लागणार आहे.

लव्हलेसचा शिकारी चाकू ही खरोखर विचारपूर्वक केलेली वस्तू आहे. त्यात पात्याचं टोक पाठीच्या रेषेपेक्षा किंचित खाली उतरतं. का? तर शिकार सोलताना टोक आतड्यात घुसून मांस नासू नये. पोलादाच्या बाबतीतही हा माणूस जुन्यात अडकला नाही. 154सीएम हे यंत्रोद्योगातलं आधुनिक पोलाद चाकूत रुजवण्याचं श्रेय त्यालाच देतात. म्हणजे ज्याला आपण आज 'क्लासिक' म्हणतो, तो त्याच्या काळात सगळ्यात आधुनिक होता.

मग हा चाकू आज टिकतो का? टिकतो, पण काचेच्या कपाटात. लव्हलेस 2010 साली गेले. त्यांच्या हातचे चाकू आज हजारो डॉलरला जातात, आणि एवढी किंमत दिलेला माणूस त्यानं फांदी तोडेल का? ज्या वस्तूला वापरून झिजण्याचीच भीती वाटते, तिची कसोटी संपलेली असते. शिवाय आपल्यापुरतं बोलायचं तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा विषयच मिटला. तरीही मराठीतल्या चाकूंच्या चर्चा पाहा, तिथं पातं 'सोलायला' कसं आहे यावर परिच्छेदच्या परिच्छेद असतात. काय सोलणार आहात? फार तर कांदा! परक्याची कसोटी आपण कामासकट नाही, नुसती शब्दासकट आणली.

दुसरं टोक स्वीडनचं. तिथं दालार्ना प्रांतात मोरा नावाचं गाव आहे. तिथल्या चाकूंचा धंदा एकोणिसाव्या शतकाअखेर कारखान्यांत गेला. लाल रंगवलेली बर्चच्या लाकडाची मूठ, सरळ छोटं पातं, असा जुना मोरा चाकू. आजचा सगळ्यात खपाचा मोरा प्लॅस्टिकच्या मुठीचा, प्लॅस्टिकच्या म्यानाचा, साच्यातून निघालेला आहे. आमच्यापैकी एकाकडं तो नऊ वर्षं आहे. साधारण 10 सेंटिमीटर पातं. त्यात शोभा शून्य. पण काटक्या तासायला, दोर कापायला, भाजी चिरायला याहून बरा चाकू आम्ही हातात घेतलेला नाही, आणि यात हातघडणीचे महागडे चाकूही आले. इथं कारखान्यानं जुन्याला हरवलं म्हणावं, तर तेही पूर्ण खरं नाही. आकार तोच आहे. दोन्ही बाजूंनी सरळ उतरणारी रुंद धार तीच आहे, म्हणजे दगडावर सपाट टेकवली की कोन आपोआप सापडतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेतकऱ्यांनी ठरवलेली गोष्ट कारखान्यानं मोडली नाही, एवढंच त्याचं शहाणपण.

आता कोयत्याकडं येऊ. यावर जरा रेंगाळणार आहोत, घड्याळाकडं बघू नका.

कोकणात उतरलं की कमरेच्या आकडीत मागं अडकवलेला कोयता दिसतो. म्यान नाही, पट्टा नाही. वाकलं तरी टोचत नाही, हात मागं नेला की मूठ हातात. आमच्या परीक्षेसाठी आम्ही घाटाखालच्या एका आठवडे बाजारातल्या लोहाराकडून दोन कोयते घेतले. लोखंड कुठलं विचारलं तर त्यानं बाजूला पडलेला ट्रकचा पाटा दाखवला. पॅकार्डची स्प्रिंग आठवली ना? पाट्याचं पोलाद म्हणजे अर्धा-पाऊण टक्क्याच्या आतबाहेर कार्बन असलेलं, लवचीक, दणका सोसणारं. ट्रकखाली हजारो खड्डे खाल्लेलं लोखंड खैराच्या गाठीला काय घाबरणार? त्याची बायको घण मारत होती आणि तो सांडशीत पातं फिरवत होता. ती घण उचलायची त्या क्षणाला तो पातं अर्धं वळवायचा. दोघं एकमेकांकडं बघत नव्हते.

मग पाणी देणं. पातं लाल झालं की सगळं बुडवायचं नाही. फक्त धार बुडवायची, पाठ बाहेर. धार कडक होते, पाठ मऊ राहते. मग पाठीतली उरलेली ऊब हळूहळू धारेकडं सरकते, घासलेल्या पात्यावर आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा रंग चढत येतो. कुठल्या रंगाला थांबवायचं यात लोहाराचं आयुष्य असतं. कारखान्यातली भट्टी हेच काम अंशाच्या हिशोबानं करते आणि दहा हजार पाती एकसारखी काढते. लोहाराला ढग आले तर रंग वेगळा दिसतो. म्हणूनच जुने लोहार भट्टी सावलीत ठेवतात.

निकाल काय लागला? पहिला कोयता आम्ही एका हंगामात कारवी, घाणेरी, वाळका बांबू, नारळ अशा सगळ्यांवर चालवला. वाटेवरची, गावकऱ्यांनी सांगितलेली साफसफाई हं, गडावरच्या संरक्षित झाडांना हात लावायचा नाही. महागड्या चाकूला बांबूला जिथं दहा घाव लागले, तिथं कोयत्याला दोन. वजन पुढं, टोक आत वळलेलं, त्यामुळं फांदी निसटत नाही, ओढली जाते. धार गेली की ओढ्यातल्या दगडावर चार हात मारले, झालं. त्या तरुण मित्राच्या चाकूचं पोलाद व्हॅनेडियमवालं, भुकटीपासून केलेलं. धार महिनोन्‌महिने टिकते, यात शंका नाही. पण गेली की ओढ्यातला दगड तिला काही करत नाही, डायमंडचा दगड लागतो. तो घरी असतो.

आता दुसरा कोयता. त्याच लोहाराचा, त्याच दिवशीचा. तिसऱ्याच दिवशी धार वळली. अक्षरशः कानाच्या पाळीसारखी. पाणी कमी पडलं होतं. हातघडणीचं कौतुक करणारे लोक ही गोष्ट सांगत नाहीत, म्हणून आम्ही सांगतो. कारखान्याचा साधा चाकू उचलताना जी खात्री असते, ती इथं नाही. आणि गंज! आषाढातल्या एका रात्रीत, तंबूत, पात्यावर नारिंगी साय धरली. खोबरेल लावून ठेवलं तर टिकतं, पण दमलेला माणूस रात्री दहाला पात्याला तेल लावत बसत नाही. कोयत्यानं कैरी कापली तर फोड काळी पडते. किनाऱ्यावर, होडीत, स्वयंपाकाला स्टेनलेसच घ्या. यात वाद घालायला जागा नाही.

तर मग सामना बरोबरीत सोडवायचा? तसंही नाही. कारण हिंडताना आमच्या लक्षात आलं की कोयत्याचा खरा प्रतिस्पर्धी तो काळा परदेशी चाकू नाहीच. तो आहे हार्डवेअरच्या दुकानात दोरीनं बांधून टांगलेला पत्र्याचा कोयता. चादरीतून कापलेला, ग्राइंडरनं धार काढलेला, लोखंडी नळीची मूठ वेल्डिंगनं चिकटवलेली. पाणी दिलेलंच नाही. निम्म्या किमतीत मिळतो, आणि वाडीतला माणूसही आता तोच घेतो. वेल्डिंगपाशी तुटला की दुसरा. त्या मुलाच्या पोटरीतल्या चार टाक्यांचा सांधा आणि हा सांधा, दोन्ही एकाच जातीचे.

याच्या जोडीला आणखी एक ओझं कोयत्याच्या वाट्याला आलंय. ऊसतोडीच्या हिशोबात कोयता हे माणसं मोजायचं माप आहे. नवरा-बायकोची जोडी मिळून 'एक कोयता', आणि त्यावर उचल ठरते. दोन माणसं मिळून एक हत्यार! आणि शहरात तर गेल्या काही वर्षांत हा शब्द 'गँग' या शब्दाशिवाय वर्तमानपत्रात येईनासा झाला. शस्त्रांच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांवर बंधन आहे आणि शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. पण एसटी स्टँडवर पिशवीतून मूठ डोकावली तर ते वाक्य कोण वाचून दाखवणार? आम्ही आता कोयता गोणपाटात बांधून नेतो, आणि शक्य तर गावातच कुणाकडं तरी ठेवून येतो. काळा चाकू मात्र कुणी अडवत नाही, तो खेळाचं सामान वाटतो. लोहाराच्या पोरानं वडिलांची भट्टी का सोडली, याचं एक उत्तर इथंही आहे.

तो वळलेला कोयता आम्ही पुढच्या बाजाराला परत नेला. वाटलं होतं, कटकट होईल. लोहारानं पातं डोळ्यांसमोर धरलं, कानस एकदा फिरवली, ती चावली, आणि त्यानं आम्हालाच उलट विचारलं, "कशावर चालवला?" वाळका बांबू, आम्ही म्हणालो. "घेताना सांगायचं ना," तो म्हणाला, "मला वाटलं गवताला पाहिजे." त्यानं पातं पुन्हा तापवलं, पुन्हा पाणी दिलं, या वेळी रंग अलीकडंच थांबवला. पैसे घेतले नाहीत. हा प्रश्न आम्हाला आजवर कुठल्याही चाकूच्या पेटीनं विचारलेला नाही. आणि आमच्या मते हातघडणीच्या पात्याची सगळी ताकद त्या प्रश्नात आहे. तो विचारणारा माणूस चालत जाण्याच्या अंतरावर असेल, तर कोयता आजही आमच्या पाठीला. नसेल, तर बिनदिक्कत प्लॅस्टिकच्या मुठीचा मोरा घ्या, आणि पोकळ मुठीचं काहीही घेऊ नका.

आमचा तो तरुण मित्र आज मागच्या रांगेत बसलाय. त्याचा चाकू आणि आमचे दोन्ही कोयते टेबलावर ठेवले आहेत, हातात घेऊन बघा. लहान मुलं बरोबर असतील त्यांनी जरा सांभाळून. आणि कोयता ठेवताना बोटं कापडाला पुसा, सकाळीच तेल लावलंय.