कोरियातील परकीय तंत्रज्ञान कंपन्या : 'स्थानिकीकरण' या संकल्पनेची चिकित्सा

प्रस्तावना : जागतिकीकरणाच्या चर्चेत 'स्थानिकीकरण' हा शब्द इतका रुळला आहे की, तो तपासून पाहण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. परकीय कंपनीने स्थानिक भाषा व रुची यांच्याशी जुळवून घेतले म्हणजे यश मिळते. न मिळाल्यास शासनाचे संरक्षक धोरण किंवा ग्राहकांचा राष्ट्राभिमान आडवा आला असे समजावे, अशी मांडणी वाणिज्य व व्यवस्थापनाच्या अध्यापनात सर्रास केली जाते. दक्षिण कोरियातील गुगलचा अनुभव पाहता हे स्पष्टीकरण अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

संरक्षक धोरणाचा मुद्दा निराधार नाही. मोबाइल संचांत 'विपी' ही देशी प्रणाली असण्याची सक्ती 2005 पासून होती. एप्रिल 2009 मध्ये ती उठली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आयफोन तेथे पोहोचला. सविस्तर नकाशांची माहिती देशाबाहेर नेण्यास गुगलला 2016 मध्ये सुरक्षेच्या कारणास्तव नकार मिळाला. मात्र शोधयंत्रापुढे अशी भिंत नव्हती. गुगलची कोरियन सेवा 2000 पासून उपलब्ध होती. तरीही वापरकर्ते 1999 मध्ये सुरू झालेल्या 'नेव्हर' या देशी संकेतस्थळाकडेच वळले.

गुगलचे यंत्र महाजालावरील पाने आणि त्यांना जोडणारे दुवे यांवर चालते. त्या काळी हान्गुल लिपीतील मजकूरच तोकडा होता, आणि जे लिहिलेच गेले नाही ते कोणत्याही यंत्रास सापडणार नाही. (मराठीतून काही शोधू पाहणाऱ्या प्राध्यापकास ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही.) नेव्हरने ऑक्टोबर 2002 मध्ये प्रश्नोत्तरांचा मंच उघडला. सामान्य माणसे तेथे प्रश्न विचारीत, सामान्य माणसेच उत्तरे देत आणि त्याबद्दल त्यांना गुण व श्रेणी मिळत. शोधयंत्राने आपले ग्रंथालय वाचकांकडूनच लिहून घेतले, असे म्हणता येईल. याउलट गुगलने 2007 मध्ये आपल्या कोऱ्या मुखपृष्ठावर खास कोरियासाठी चित्रचिन्हे बसविली. पाठ्यपुस्तकी अर्थाने हे स्थानिकीकरणच. परंतु बदलली ती दुकानाची पाटी, आतील माल नव्हे.

नेव्हरचा गौरव करण्याचा येथे हेतू नाही. वापरकर्त्यांनी विनामूल्य लिहिलेला बराचसा मजकूर या कंपनीने बाहेरच्या शोधयंत्रांसाठी बंद ठेवला. शोधाच्या निकालांत स्वतःच्या खरेदी व चित्रफीत सेवांना झुकते माप दिल्याबद्दल 2020 मध्ये तेथील स्पर्धा आयोगाने तिला सुमारे 2,670 कोटी वॉन दंड केला. देशी मक्तेदारी ही शेवटी मक्तेदारीच असते, हे राष्ट्राभिमानाच्या सिद्धांतात बसत नाही.

गुगलच्याच यूट्यूबचे उदाहरण अधिक बोलके आहे. खऱ्या नावाच्या नोंदणीची सक्ती लागू झाली तेव्हा, एप्रिल 2009 मध्ये, यूट्यूबने ती पाळण्याऐवजी 'कोरिया' हा देश निवडणाऱ्यांसाठी चित्रफिती चढविण्याची व अभिप्राय देण्याची सोयच बंद केली. स्थानिकीकरणाच्या दृष्टीने याहून मोठा प्रमाद नाही. वापरकर्त्यांना मात्र दुसरा देश निवडून चित्रफिती चढविणे शक्य होते. ऑगस्ट 2012 मध्ये संविधान न्यायालयाने ती सक्ती रद्द केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'गंगनम स्टाइल' ही कोरियन गीताची चित्रफीत यूट्यूबवर 100 कोटी वेळा पाहिली गेलेली पहिली चित्रफीत ठरली. आणि 1997 पासून कोरियन भाषेत सेवा देणाऱ्या याहूने त्याच महिनाअखेरीस तेथील आपले संकेतस्थळ बंद केले.