कोळशाचा कण

दिवाळी अंकांच्या अनुक्रमणिकेत कथा, कविता, व्यंगचित्रे आणि वार्षिक भविष्य यांच्या जोडीला आता 'आठवणी' हा विभाग कायमचा होऊन बसला आहे. सीमाभागातले आणि गोव्यातले जे अंक दरवर्षी माझ्या टेबलावर येतात, त्यांत जुन्या आगगाडीवरचा एखादा लेख नाही असा अंक मला अलीकडे क्वचितच आढळला. धुराचे इंजिन, गार्डाचा हिरवा झेंडा, फलाटावरचा चहा, डोळ्यांत गेलेला कोळशाचा कण आणि 'इंग्रजांच्या वेळी गाडीवर घड्याळ लावून घ्यावे' हे वाक्य. त्याच्या शेजारच्या पानावर दूरदर्शन : छपरावर फिरवायची अँटेना, रविवारचे रामायण, ओसरीवर जमलेली सगळी आळी. हे लेख मी आवडीने वाचतो हे आधी कबूल करतो. पण तीस वर्षे मराठी शिकवण्यात गेल्यामुळे लाल पेन हातातून सुटत नाही. स्मरणरंजनाच्या या लेखनाकडे आपल्या टीकेने फारसे गंभीरपणे पाहिलेले नाही, म्हणून हा प्रपंच.

सुरुवात स्वतःच्याच वहीपासून केलेली बरी.

१९९४ साली, नोकरीला नुकताच लागलो असताना, एका अंकात माझा 'धुराची गाडी' हा लेख छापून आला होता. सात वर्षांचा असताना आईबरोबर मडगावहून बेळगावला मावशीकडे गेलो, कुळेचा घाट चढताना खिडकीबाहेर डोके काढले आणि डोळ्यांत कोळसा गेला, आईने पदराच्या टोकाला फुंकर घालून डोळा शेकला, असे त्यात रसभरीत वर्णन होते. लेखाचे कौतुक झाले. सीमाभागातून चार पत्रेही आली. एका संध्याकाळी तो मी आईला वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती. ऐकून झाल्यावर ती शांतपणे म्हणाली, "तो कोळसो म्हज्या दोळ्यांत गेल्लो, तुज्या न्हय."

आमच्या गाडीला डिझेलचे इंजिन होते. कोळसा गेला होता तो आईच्या डोळ्यांत, ती नऊ वर्षांची असताना, १९५३ साली, आजोबांबरोबर. मी तिची आठवण लहानपणी इतक्यांदा ऐकली होती की ती माझी कधी झाली ते मला कळलेही नाही. इथपर्यंत गुन्हा किरकोळ आहे. एका पिढीच्या आठवणी दुसरीच्या तोंडी बसतात, घराघरात हे चालतेच. खरी चूक पुढची. आईच्या तोंडून जे ऐकले होते त्यात कोळसा हा एवढासा भाग होता. बाकीचे सगळे कुळ्याच्या फलाटाविषयी होते. पोर्तुगीज हद्दीतले ते शेवटचे मोठे ठाणे. तिथे गाडीतून उतरायचे, बोचकी उघडून दाखवायची, कागद दाखवायचे, थांबायचे. घाट चढून गेले की कॅसलरॉकला पुन्हा तेच, यावेळी पलीकडच्या सरकारचे. दोन वर्षांनी, १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, पेडण्याच्या पत्रादेवीला माणसे पडली, आणि त्याच साली गोवा आणि भारत यांच्यामधल्या गाड्या बंद झाल्या. माझी मोठी मावशी लग्न होऊन बेळगावला गेलेली होती. तिची आणि आईची भेट झाली ती एकदम गोवा मुक्त झाल्यावर, १९६२ साली. मावशीचे पहिले मूल तोपर्यंत शाळेत जाऊ लागले होते.

माझ्या लेखात फलाट नव्हता, बोचकी नव्हती, ती सात वर्षे नव्हती. धूर तेवढा होता. आईच्या आठवणीतून मला जे देखणे वाटले ते मी उचलले.

आगगाडीवरचे मराठी लेख वाचताना हीच उचल मला जागोजाग दिसते. इंग्रजी अंमलातल्या रोजच्या जगण्याची शिस्त, टापटीप, स्टेशनांच्या दगडी इमारती यांचे कौतुक करायला हरकत नाही, त्या इमारती खरोखरच सुंदर आहेत. पण आपल्याच रुळांची कुळकथा काय आहे? धारवाडला मुख्य ठाणे असलेली सदर्न मराठा रेल्वे १८८२ साली निघाली ती १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर, दुष्काळी मुलखात धान्य पोचवता यावे म्हणून. बेळगाव, लोंढा, हुबळी या बाजूच्या वाचकांच्या आज्या-पणज्यांनी जी गाडी पाहिली ती अशी उपासमारीच्या पाठोपाठ आलेली होती. आमच्या बाजूची मुरगाव ते कॅसलरॉक ही मीटरगेज लाइन १८८८ साली पुरी झाली, ती १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहातून. त्या तहाने गोव्यातल्या मिठागरांवर इंग्रजांचे नियंत्रण आले आणि बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये मिळू लागले. मीठ पिकवणाऱ्या पेडणे-बार्देशच्या आगरांत त्याचे काय झाले असेल, याचा विचार आगगाडीवर लिहिताना कुणाच्या मनात येत नाही. माझ्याही आला नव्हता.

आणि डबा कोणता? 'आमच्या लहानपणीची आगगाडी' म्हणताना लेखक कोणत्या वर्गाच्या बाकावर बसला होता ते बहुधा सांगत नाही. गांधीजींनी तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर १९१७ साली वेगळे लिखाण केले, इतके ते हाल होते. तो तिसरा वर्ग, निदान नावाने, १९७४ साली गेला. घड्याळ लावून घ्यावे अशी ती गाडी ज्यांना आठवते त्यांनी ती फलाटावरून पाहिली असावी, अशी शंका मला येते.

कुणी म्हणेल, मुख्याध्यापक, तुम्हाला आनंदच नको आहे का? हवा आहे. आठवणीतला आनंद खरा कसा करायचा याचा वस्तुपाठ मराठीत आहेच. पु. ल. देशपांडे यांच्यावर स्मरणरंजनाचा आरोप अनेकांनी केला आहे. मला तो अर्धाच पटतो. 'बटाट्याची चाळ' मधले शेवटचे चिंतन हळवे आहे, नाही कोण म्हणतो? पण ते शेवटी आहे. त्याआधी पुस्तकभर चाळीची, तिच्यातल्या ढोंगांची, फुशारक्यांची, कद्रूपणाची यथेच्छ थट्टा झालेली आहे. चाळीसाठी गहिवरण्याचा हक्क लेखकाने आधी कमावला आहे. त्यांच्या मागून आलेल्या लेखकांनी चिंतन तेवढे उचलले आणि थट्टा वगळली. उसाचा रस आणि काकवी यांत जो फरक, तो इथे आहे.

'अपूर्वाई' तर आपल्या विषयाला अगदी लागून आहे. बी.बी.सी.त दूरदर्शनचे शिक्षण घेण्यासाठी पु. ल. इंग्लंडला गेले, त्या प्रवासातून हे पुस्तक १९६० साली आले. बेळगावच्या कॉलेजात त्यांनी शिकवले होते, आणि पुस्तकाला चित्रे काढणारे शि. द. फडणीस हे मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या भोजचे, तेव्हा सीमाभागाने हे पुस्तक थोडे आपलेच मानायला हरकत नाही. साहेबाच्या देशात जाऊन साहेबाचे रोजचे जगणे पाहणारा हा माणूस भारावत नाही आणि फणकारतही नाही. इंग्रजांचे जे आवडले ते मोकळेपणाने आवडले म्हणतो, आणि हसतो तेव्हा बरेचदा स्वतःला, म्हणजे मराठी मध्यमवर्गाला हसतो. राज्य जाऊन उणीपुरी बारा-तेरा वर्षे झाली असताना हा तोल सांभाळणे सोपे नव्हते. आज इतक्या वर्षांनी आपण त्याच साहेबाच्या घड्याळाचे गोडवे गातो, ही अभिरुचीची पीछेहाट म्हणावी लागेल.

पु.लं.चे हरितात्याही आठवतात. शिवाजी महाराजांच्या गोष्टी ते अशा सांगतात की जणू स्वतः तिथे उभे होते. पण हरितात्या तिथे नव्हते हे आपल्याला माहीत असते, लेखकाला माहीत असते, आणि त्या जाणिवेतच त्या व्यक्तिचित्राची सगळी गंमत आणि माया आहे. मी माझ्या लेखात हरितात्याच झालो होतो, फक्त वाचकाला त्याचा पत्ता लागू दिला नव्हता.

दूरदर्शनच्या बाबतीत तर उसनवारीवर उसनवारी आहे. माझ्या वयाची गोव्यातली माणसे 'आमच्या लहानपणीचा चिमणराव' असे म्हणतात. मुंबई दूरदर्शन १९७२ च्या २ ऑक्टोबरला सुरू झाले आणि दिलीप प्रभावळकर-बाळ कर्वे यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ त्या दशकाच्या अखेरीस पडद्यावर आले. आमच्या नार्व्यात घरी टीव्ही आला १९८७ साली, तोही रामायणासाठी. शिवाय ती मालिका स्वतःच चिं. वि. जोशींच्या कथांतल्या, इंग्रजी अमदानीतल्या मध्यमवर्गाची आठवण होती. म्हणजे आम्ही जिची हळहळ करतो ती आठवणीची आठवण, आणि तीही दुसऱ्याच्या घरातली! 'मालगुडी डेज' चे तसे नाही. ती आम्ही खरोखर पाहिली, आणि शंकर नाग यांच्या त्या मालिकेतले इंग्रजी काळाचे गाव गोड असले तरी त्यात मिशनच्या शाळेतली छडी आहे, बापाचा धाक आहे, परीक्षेच्या भीतीने पोटात येणारा गोळा आहे. स्वामी सुखी मुलगा नाही, म्हणून तो आठवतो. शिवमोग्ग्याजवळच्या अरसाळूच्या स्टेशनात आता मालगुडीचे संग्रहालय केले आहे. कानडी-मराठी घरांतून एकत्र पाहिली गेलेली अशी मालिका पुन्हा झाली नाही, असे माझे मत आहे.

ज्यांची ही इंजिने मुळात होती त्या इंग्रजांकडे पाहिले तर वेगळेच चित्र दिसते. तिथे मुख्य लाइनवरची वाफेची इंजिने १९६८ च्या ऑगस्टात बंद झाली. पण त्याआधीच, १९५१ साली, वेल्समधली टॅलिलिन नावाची चिमुकली रेल्वे बंद पडू नये म्हणून हौशी माणसांनी ती चालवायला घेतली. सुट्टीच्या दिवशी येऊन रूळ दुरुस्त करायचे, इंजिन पुसायचे, तिकिटे फाडायची. पुढे तिच्यासारख्या कितीतरी झाल्या. त्यांच्या स्मरणरंजनावरही टीका करता येईल, साम्राज्याच्या हिशेबाचे पान ते सहसा उघडत नाहीत. तरी त्यांचे हात तेलाने काळे झाले आहेत एवढे मान्य केले पाहिजे. आपल्याकडे कुर्डुवाडी-बार्शीची छोटी गाडी १८९७ पासून धावली, पुढे पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली, वारकऱ्यांनी तिच्यावर प्रेम केले. रुंद रूळ आले आणि ती गेली. तिच्यावर लेख मात्र भरपूर झाले.

गंमत अशी की आमच्या गोव्यात ज्या घाटातून धुराच्या गाडीच्या आठवणी निघतात, त्याच मार्गावर आता कोळशाच्या मालगाड्या धावतात. १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री चांदरला शेकडो माणसे दुपदरी रुळाविरुद्ध जागली. कोळशाचा कण डोळ्यांत जाणे त्यांना काव्यमय वाटत नाही.

आठवण जपायची तर तिच्या कारणासकट कशी जपावी, हे पाहायला मला लांब जावे लागत नाही. शाळा सुटल्यावर मी कधीकधी फेरीच्या धक्क्यावर जाऊन बसतो. समोर दिवाडी बेट. तिथेही नार्वे आहे आणि इथेही नार्वे आहे. सप्तकोटेश्वर मूळचा पलीकडचा. तिथले देऊळ पाडले गेले, देव नदी ओलांडून इकडे आला, १६६८ साली शिवाजी महाराजांनी इथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला आणि अलीकडे, २०२३ साली, ते पुन्हा नव्याने उभे राहिले. गावातल्या लहान मुलालासुद्धा विचारा, देव इथे का आला ते तो सांगेल. एकाच नावाची दोन गावे नदीच्या दोन काठांवर का, हे माहीत असल्याशिवाय आमच्याकडे कुणी मोठा होत नाही.

यंदा संपादकांनी जुन्या लेखांपैकी एखादा पुनर्मुद्रणासाठी मागितला तेव्हा मी 'धुराची गाडी' बाहेर काढला. कोळशाचे वाक्य खोडले. त्या जागी कुळ्याचा फलाट घातला, आजोबांनी पुन्हा बांधलेले बोचके घातले, मावशी घातली. आई आता एक्क्याऐंशी वर्षांची आहे, डोळ्यांना कमी दिसते. तिला सगळा लेख पुन्हा वाचून दाखवला. ऐकून ती थोडा वेळ गप्प बसली. मग मीच विचारले, दूधसागराचे दोन शब्द घालू का? सगळे घालतात.

ती म्हणाली, "कसला दूधसागर? पाऊस होता. बाबांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या."